घरांतला दुसरा पडदा

प्रत्येक एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु अशी असते कीं ती सर्वांची असते, आणि सर्वांची असल्यामुळेंच ती नेमकी कोणाची हा प्रश्न कधीं सुटत नाहीं. आमच्या आजोबांच्या काळीं हा मान ओटीवरच्या झोपाळ्याचा होता. वडिलांच्या काळीं तो रेडिओकडे गेला. आणि गेलीं चाळीस वर्षें तो दिवाणखान्यांतल्या दूरदर्शन संचाकडे आहे. झोपाळ्यावर सकाळीं कोणीं बसावें, दुपारीं कोणीं बसावें, पाहुणे आले म्हणजे कोणीं उठावें, याचे नियम कोणीं लिहून ठेवले नव्हते. तरी ते घरांतल्या पोरासोरांसहि पाठ होते. दूरदर्शन संचाचे नियमहि असेच हळूहळू ठरून गेले. बातम्या वडीलधाऱ्यांच्या, त्यानंतरच्या मालिका बायकांच्या, आणि सुटीची दुपार मुलांची.

अलीकडे या संचापुढें एक नवा हक्कदार येऊन उभा राहिला आहे. घरांतला तरुण मुलगा आपला लॅपटॉप घेऊन येतो, एक काळी तार संचाच्या पाठीमागें खोंवतो, आणि पाहतां पाहतां बातम्या जाऊन त्या जागीं त्याच्या कचेरीचे आंकडे दिसूं लागतात. ही तार कशी जोडावी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. ती जोडल्यावर घरांत काय होतें, हें मात्र ज्यांनीं अनुभविलें त्यांनींच सांगावयास हवें. आम्हीं तें अनुभविलें आहे. म्हणून दोन्ही गोष्टी वाचकांपुढें मांडीत आहों.

एक तार आणि दोन हक्कदार

आमचें बिऱ्हाड पालघरचें. आई, थोरले बंधु अण्णा, वहिनी, त्यांचा मुलगा व धाकटी मुलगी, आणि आम्ही उभयतां व आमचा मुलगा, अशीं आठ माणसें एका छपराखालीं राहतों. पुतण्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या एका कारखान्याच्या हिशेबखात्यांत कामास होता. सकाळीं पालघरला गाडी धरावी, उमरोळी टाकून बोईसरला उतरावें, तेथून रिक्षानें वसाहतींत जावें, असा त्याचा नेम. २०२० च्या मार्चांत हा नेम एका रात्रींत मोडला. २३ मार्चपासून लोकल गाड्या बंद झाल्या, आणि कारखान्याचे हिशेब आमच्या माजघरांत येऊन बसले.

त्याचा लॅपटॉप चौदा इंची. एका बाजूस खरेदीचीं बिलें आणि दुसऱ्या बाजूस कराचें विवरणपत्र मांडून ओळ ओळ ताडून पाहावयाची, हें त्याचें काम. एवढ्याशा पडद्यावर दोन्ही कागद शेजारीं शेजारीं मावत नसत. एक पाहावा तर दुसरा झांकावा लागे, आणि झांकलेला आंकडा उघडेपर्यंत मनांतून निसटून जाई. चार दिवस त्यानें हें सोसलें. मग त्याची दृष्टि दिवाणखान्यांतल्या त्रेचाळीस इंची संचाकडे गेली.

नेमकी तीच वेळ अडचणीची होती. १९८७ सालच्या जानेवारींत पहिल्यानें लागलेलें रामानंद सागर यांचें 'रामायण' दूरदर्शननें २८ मार्च २०२० पासून पुन्हां दाखविण्यास सुरुवात केली. सकाळीं नऊला आणि रात्रीं नऊला. आई स्नान आटोपून पावणेनऊलाच संचापुढें बसे. आणि पुतण्याच्या साहेबांनीं रोजच्या बैठकीची वेळ ठरविली होती तीहि सकाळीं नऊचीच.

आणखी एक पेंच असा कीं, घरांत ही तार एकच होती. ती सेट-टॉप बॉक्स आणि संच यांच्यामध्यें लागलेली. लॅपटॉप जोडावयाचा तर ती बॉक्सांतून उपटावी लागे. म्हणजे अक्षरशः रामायण काढून हिशेब लावावयाचा! दुकानें बंद, तेव्हां दुसरी तार मिळण्याचीहि सोय नव्हती.

"अण्णा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे," पुतण्या म्हणाला.

"आणि आजीचा प्रश्न नाहीं का?" अण्णांनीं विचारलें. "नवाची बैठक तूं आंतल्या खोलींत लहान पडद्यावर कर. दहापासून पांचपर्यंत संच तुझा. पांच वाजले कीं तार जागच्या जागीं लागली पाहिजे."

निवाडा असा झाला आणि सर्वांनीं तो पाळला. आमच्या घरांत या विषयावरचा पहिला नियम तो हाच: संचास तार लावणारानें ती काढून पूर्ववत् करून देण्याचीहि जबाबदारी घ्यावी. टाळेबंदी सैल होऊन दुकानें उघडल्यावर दुसरी तार आली आणि हा तंटा आपोआप मिटला. संचाच्या पाठीमागें अशा तारांसाठीं बहुधा दोन किंवा तीन खांचा असतात. एकींत बॉक्स, दुसरींत लॅपटॉप, आणि रिमोटवरची 'सोर्स' अथवा 'इनपुट' ही कळ दाबली कीं इकडचें चित्र जाऊन तिकडचें येतें. शंभर-दोनशें रुपयांची एक तार आधीं मिळती तर दोन महिन्यांचे रुसवेफुगवे वांचले असते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

संगणकाचें माहेर

दूरदर्शन संचास संगणक जोडणें हें आमच्या अण्णांस प्रथम मोठें अतिक्रमण वाटलें. वस्तुतः हें नातें जुनें आहे. १९८२ सालीं इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नांवाचा घरगुती संगणक विक्रीस काढला, तेव्हां त्यास स्वतःचा पडदाच नव्हता. कळफलकाची एक चपटी पेटी, आणि तिची तार घरच्या संचाच्या अँटेनाच्या खांचेंत. त्याच सालीं अमेरिकेंत आलेला 'कमोडोर ६४' हाहि संचाच्याच आश्रयास राहणारा. निराळा पडदा घेणें सामान्य कुटुंबास परवडत नसे, म्हणून संगणकानें आपलें बालपण दूरदर्शन संचाच्या घरीं काढलें. आमच्याकडेहि १९८४-८५ सालीं केंद्र सरकारनें शाळांतून संगणकाची ओळख करून देण्यासाठीं 'क्लास' नांवाची योजना आरंभिली, तींत वापरलेला 'बीबीसी मायक्रो' हा घरच्या संचासहि जोडतां येण्याजोगाच होता.

पण त्या काळच्या संचावर वाचन करणें हें दिव्यच होतें. स्पेक्ट्रमच्या चित्रांत आडवे २५६ व उभे १९२ ठिपके. त्यांत एका ओळींत बत्तीस अक्षरें आणि एकंदर चोवीस ओळी. आपल्याकडील संचाचें चित्र ६२५ ओळींचें असे, पण त्यांपैकीं चित्रास उपयोगी पडणाऱ्या ५७६ च. आणि त्याहि एक सोडून एक अशा दोन फेऱ्यांत काढल्या जात. हलत्या चित्रास एवढें पुरे. स्थिर अक्षर मात्र त्यावर थरथरे. म्हणून संगणकास पैसा मिळूं लागतांच त्यानें आपला निराळा पडदा केला. आयबीएम कंपनीची १९८७ सालची पंधरा टांचण्यांची व्हीजीए जोडणी ही त्या निराळ्या संसाराची खूण.

पुढें दोघांच्याहि घरीं सारखीच सुधारणा झाली. कांचेची जड नळी गेली, सपाट पडदा आला, आणि २००२ सालच्या डिसेंबरांत एचडीएमआय या नव्या जोडणीचें पहिलें प्रमाण प्रसिद्ध झालें. एकोणीस टांचण्यांच्या या एकाच तारेंतून चित्र व आवाज दोन्ही अंकांच्या रूपानें जातात. आज संचाच्या पाठीमागें जी खांच असते, तीच पुष्कळ लॅपटॉपांच्या कडेलाहि असते. तेव्हां तार लावून संगणक संचाकडे येतो तो घुसखोर म्हणून येत नाहीं. सासरीं सुस्थितींत असलेली लेक चार दिवस माहेरीं यावी, तसा येतो. हें सांगितल्यावर अण्णा हंसले, आणि म्हणाले, "लेकीनें यावें, पण माहेरच्या माणसांस उठवून बसूं नये."

जोडण्याची रीत

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. दोन्ही यंत्रांस एचडीएमआय खांच असेल तर साधी तार पुरते. पांच मीटरपर्यंतच्या तारेस सहसा अडचण येत नाहीं; त्याहून फार लांब तार घेतल्यास चित्र मधून मधून जाऊं लागतें. नव्या लॅपटॉपांस कधीं कधीं केवळ यूएसबी-सी ही बारीक खांच असते. तिच्यासाठीं जोडखुंटी मिळते. परंतु अशा प्रत्येक खांचेंतून चित्र बाहेर येतेंच असें नाहीं. लॅपटॉपबरोबरच्या माहितीपत्रकांत तसें लिहिलें आहे कीं नाहीं, हें पाहूनच ती विकत घ्यावी.

जुन्या संगणकाची गोष्ट निराळी. आमच्या पुतणीच्या शाळेसाठीं पुढें एक जुना संगणक मिळाला, त्यास व्हीजीएची पंधरा टांचण्यांचीच खांच होती. एका दुकानदारानें आम्हांस रूपांतरक दिला तो उलट्या दिशेचा निघाला. एचडीएमआयचें व्हीजीए करणारा आणि व्हीजीएचें एचडीएमआय करणारा, हे दोन वेगळे जिन्नस आहेत. दिसावयास मात्र जुळे भाऊ. दोन खेपा, एक वादावादी आणि पदरचे पैसे घालविल्यावर हें ज्ञान झालें. आमच्या वाचकांस तें फुकट मिळावें. शिवाय व्हीजीएमधून केवळ चित्र जातें. आवाजाची निराळी तार लागते.

तार खोंवण्यापूर्वीं दोन्ही यंत्रें बंद करावींत. पुष्कळांस तारेच्या धातूच्या तोंडास बोट लागतांच मुंग्या आल्यासारखें वाटतें. यंत्रांच्या वीजपुरवठ्यांत एक गाळणी असते, तिच्यांतून अल्पसा प्रवाह धातूच्या भागावर येत असतो; तीन टांचण्यांच्या, नीट भूमिगत केलेल्या प्लगांत तो जमिनींत जातो, दोन टांचण्यांच्या प्लगांत त्यास वाट नसते. तो बहुधा शरीरास अपाय करण्याइतका नसतो. पण तार लावतांना एखादी ठिणगी उडून खांच मात्र कायमची निकामी होऊं शकते. आमच्या कोंकणपट्टींत विजा कडाडूं लागल्या म्हणजे तारा काढून ठेवाव्या हें उत्तम. चिंचणीस समुद्रकांठीं आमच्या आत्याचें घर आहे. तेथें खाऱ्या हवेनें तारांचीं तोंडें वर्षा-दोन वर्षांत हिरवट पडतात, आणि चित्र लुकलुकूं लागलें कीं दोष संचास दिला जातो. तेथें आधीं तार बदलून पाहावी.

यंत्रें सुरू करून संचावर योग्य 'इनपुट' निवडला कीं चित्र येतें. विंडोज असलेल्या संगणकावर त्या चिन्हाची कळ दाबून धरून 'पी' ही कळ दाबावी. चार पर्याय पुढें येतात. पहिला, केवळ संगणकाचाच पडदा. दुसरा, प्रतिकृति, म्हणजे लहान पडद्यावर जें, तेंच मोठ्यावर. तिसरा, विस्तार, म्हणजे दोन्ही पडदे मिळून एकच लांबरुंद मेज, एकावर एक कागद, दुसऱ्यावर दुसरा. चवथा, केवळ दुसरा पडदा. दुसरा आणि तिसरा पर्याय यांतला भेद प्रत्येकानें नीट समजून घ्यावा. तो न समजल्यामुळें आमच्या घरीं काय घडलें तें पुढें येईलच.

विस्तार केल्यावर पडद्यांच्या मांडणीच्या पानावर एक व दोन असे आंकडे घातलेले दोन चौकोन दिसतात. संच खरोखर ज्या बाजूस असेल त्या बाजूस त्याचा चौकोन ओढून ठेवावा. नाहीं तर संच उजवीकडे आणि बाण जातो डावीकडे, असा घोटाळा होतो.

पुष्कळ संचांवर चित्राच्या चारहि कडा कापल्या जातात. हा जुन्या नळीच्या काळचा वारसा. त्या वेळीं चित्राच्या कडा वेड्यावांकड्या दिसत, म्हणून चित्र मुद्दाम चौकटीबाहेर सांडलेलें ठेवीत. नळी गेली, संवय राहिली. संचाच्या चित्र-मापाच्या यादींत यावर उतारा असतो. सॅमसंगमध्यें त्यास 'स्क्रीन फिट', एलजीमध्यें 'जस्ट स्कॅन', सोनीमध्यें 'फुल पिक्सेल' म्हणतात. अक्षरांच्या कडांस रंगीत झांक दिसत असेल तर संचाच्या त्या खांचेस 'पीसी' असें नांव देण्याची सोय आहे का तें पाहावें. कांहीं संचांत तेवढ्यानें संच चित्राची रंगरंगोटी सोडतो आणि अक्षर स्वच्छ येतें. आवाज लॅपटॉपांतून हवा असून संचांतून आला, किंवा उलट झालें, तर आवाजाच्या खुणेवर टिचकी मारून बाहेर पडण्याची वाट बदलावी.

मोठा पडदा किती मोठा?

येथें एक हिशेब सांगतों, तो आमच्या पुतण्यानें कागदावर मांडून दाखविला. त्रेचाळीस इंची संच सुमारें ९५ सेंटिमीटर रुंद असतो. तो सहा फुटांवरून पाहिला, तर डोळ्यास तो तेवढाच भरतो जेवढी दोन फुटांवरची ३२ सेंटिमीटरांची पाटी. आणि चौदा इंची लॅपटॉपची रुंदी ३१ सेंटिमीटर! म्हणजे सोफ्यावर बसून काम करणारास मोठ्या संचापासून मोठेपणा असा कांहींच मिळत नाहीं; मिळतो तो केवळ दुसरा पडदा. खरा लाभ हवा असेल तर मेज संचापासून तीन फुटांवर आणावें. मग तोच संच लॅपटॉपच्या दुप्पट दिसतो. मात्र इतक्या जवळून १९२०×१०८० ठिपक्यांच्या संचावरचा प्रत्येक ठिपका, जो जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, डोळ्यास जाणवूं लागतो. पावणेदोन मीटरांपलीकडे गेल्यावरच तो निरोगी डोळ्यास दिसेनासा होतो. तेव्हां दिवसभर बारीक अक्षरांचें काम करणारानें चोवीस इंची साधा मॉनिटरच घ्यावा, आणि संच हा प्रसंगाचा सोबती समजावा, असें आमचें मत झालें आहे. दर वीस मिनिटांनीं वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावें, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा नियम दोन्ही ठिकाणीं सारखाच लागू.

प्रतिकृतीनें केलेला बोभाटा

१ फेब्रुवारी २०२१ पासून लोकल सर्वांस, ठराविक वेळांपुरती कां होईना, पुन्हां खुली झाली. त्याच महिन्यांतल्या एका रविवारची ही हकीकत. आमच्या मुलाच्या मुंजीचीं छायाचित्रें आलीं होतीं. मुंज घरच्या घरीं, थोडक्या माणसांत झालेली. म्हणून पुतण्यानें चित्रें मोठ्या पडद्यावर सर्वांस दाखविण्याचें ठरविलें. लॅपटॉप समोर ठेवून चित्रें पुढें सरकवितांना स्वतःलाहि दिसावींत म्हणून त्यानें प्रतिकृतीचा पर्याय घेतला.

आई नेहमींप्रमाणें संचाजवळच्या खुर्चींत बसली होती. दोन वर्षांपूर्वीं तिच्या डोळ्यांतल्या पडद्याचा मधला भाग क्षीण झाल्याचें निदान झालें होतें. चष्म्याच्या नंबरानें हा दोष जात नाहीं. कडेचें दिसतें, पण जिकडे थेट पाहावें तेथेंच डाग. रोज सकाळीं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई, तिनें वर्षभर तें हातांत धरलें नव्हतें. रामायण ती पाही म्हणण्यापेक्षां ऐके. आम्ही वाचून दाखवूं म्हटलें तर म्हणे, "नको. तुम्हांला कामें आहेत."

चित्रें संपलीं. पुतण्यानें त्यांची खिडकी मिटली; आणि तिच्यामागें निरोपांची खिडकी उघडीच राहिली होती, ती मोठ्या पडद्यावर आली. दुरून वाचतां यावें म्हणून त्यानें अक्षरें आधींच मोठीं करून ठेवलेलीं. मित्राचा निरोप होता. खोलींत क्षणभर शांतता होती, तींत आईचा आवाज आला, एकेक अक्षर जुळवीत:

"'पुण्याचें... नक्की... झालें ना? घरीं... सांगितलंस का?'"

पुतण्यानें लॅपटॉप धाडकन् मिटला. कोणीच कांहीं बोलेना. आणि आई म्हणाली, "अरे, मला वाचतां आलें!"

त्यापुढचे तीन दिवस घरांत बरे गेले नाहींत. पुण्याच्या नोकरीबद्दल मुलानें महिनाभर मनांत ठेवावें, आणि तें बापाला भिंतीवरच्या यंत्रानें सांगावें, हें अण्णांच्या फार जिव्हारीं लागलें. पुतण्याचें म्हणणें असें कीं, आजीची ही अवस्था, अण्णा निवृत्तीस आलेले, अशा वेळीं घर सोडतों हें कोणत्या तोंडानें सांगावें? तो योग्य वेळेची वाट पाहत होता. योग्य वेळ कधीं येते हें आम्हां मोठ्यांसहि ठाऊक नसतें. पण तें त्या वेळीं कोणीं कबूल केलें नाहीं.

चवथ्या दिवशीं आईनेंच विषय काढला. "तूं जा," ती नातवास म्हणाली. "पण जाण्यापूर्वीं मला तें मोठें अक्षर लावून दे. आणि तें कसें लावावें तें तुझ्या बहिणीला शिकवून जा. तुझ्या एकट्याच्या हातीं ठेवूं नकोस."

अण्णा कांहीं बोलले नाहींत. संध्याकाळीं मात्र त्यांनीं आईची खुर्ची संचापासून तीन फुटांवर स्वतः मोजून ठेवली.

आईचें वर्तमानपत्र

तेव्हांपासून आमच्या घरीं सकाळीं एक तास संच आईचा असतो. एक जुना लॅपटॉप कायम जोडून ठेवला आहे. त्यावर केवळ 'दुसरा पडदा' हा पर्याय ठरवून टाकला आहे. पुतणी वर्तमानपत्राचें पान उघडते, 'कंट्रोल' कळ दाबून अधिकाचें चिन्ह दाबीत जाते, आणि अक्षर पांच सेंटिमीटर उंच होतें. छापील पानावरचें अक्षर डोळ्यापासून हातभर अंतरावर जेवढें दिसतें, त्याच्या दहापट हें भरतें. काळ्या भूमीवर पांढरें अक्षर केलें तर आईस अधिक बरें पडतें. तशी सोयहि संगणकांत आहे. एका वेळीं दोन-तीनच शब्द मावतात. आई ते मोठ्यानें वाचते. वेळ लागतो, पण वाचते ती. क्षीण झालेला पडदा यानें बरा होत नाहीं, हें डॉक्टरांनीं आधींच स्पष्ट सांगितलें होतें. मात्र अक्षर पुरेसें मोठें केलें तर डागाच्या कडेनें तें ओळखतां येतें. हेंच काम करणारीं खास भिंगयंत्रें बाजारांत मिळतात व तीं महाग असतात. ज्यांच्या घरीं संच व संगणक दोन्ही आहेत त्यांनीं आधीं एका तारेचा खर्च करून पाहावा. डॉक्टरांचा सल्ला अर्थातच सोडूं नये.

पुतण्या जूनमध्यें पुण्यास गेला. रविवारीं सकाळीं तो बोलावयास येतो, तो याच पडद्यावर. लॅपटॉपचा कॅमेरा संचाखालीं, मधोमध ठेवला आहे. बाजूस ठेवला तर बोलणारा भलतीकडे पाहतो असें वाटतें. आईला त्याचा चेहरा तिच्या डागाच्या कडेनें, पण पुरेसा मोठा, दिसतो. "बारीक झालास," असें ती दर खेपेस म्हणते, आणि तो दर खेपेस नाहीं म्हणतो.

अनुभवानें ठरलेले आमचे नियम थोडक्यांत असे आहेत. संचास दुसरी तार आधीं आणावी, मग संगणक जोडावा. ज्यानें लावलें त्यानें पूर्ववत् करावें. चारचौघांत कांहीं दाखवावयाचें असेल तेव्हां प्रतिकृति न घेतां विस्तार घ्यावा, आणि मोठ्या पडद्यावर तेवढीच एक खिडकी न्यावी. आपले निरोप, पत्रें व पगाराचे कागद लहान पडद्यावरच राहूं द्यावेत. प्रतिकृति घ्यावीच लागली तर इतर खिडक्या आधीं मिटाव्यात आणि निरोपांच्या सूचना बंद कराव्यात. जोडण्याची रीत घरांतल्या एकाच माणसास ठाऊक असूं नये. निदान दोघांस असावी, आणि त्यांतली एक शक्य तर घरांतली मुलगी असावी, कारण मुलें नोकरीस बाहेरगांवीं जातात आणि मुली सासरीं. राहील त्याला आली म्हणजे झालें. आमच्या पुतणीचें लग्न जवळ आलें आहे. गेल्या महिन्यापासून वहिनी तिच्याकडून ही तार लावावयास शिकत आहेत.